त्या घडीवरची सही

प्रिय ठेंगू,

माझं अक्षर पाहून कपाळावर आठ्या आल्या असतील. वर्षात दोन फोन करणारी ही बया पत्र कसलं लिहितेय? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

आपल्या विमानतळाचं संग्रहालय झालं, हे तुला माहीत आहे. पण ते बघायला हवंस गं! धावपट्टीच्या भेगांमधून गवत उगवलंय आणि तिच्यावर मुलं सायकली शिकतात. मोठ्या हँगरमध्ये सात विमानं उभी आहेत, इतकी लख्ख पुसलेली की नोकरीत असतानासुद्धा ती कधी अशी दिसली नसतील. आपण घड्या घालायचो ती पॅराशूटची खोलीही तशीच ठेवली आहे. ते लांबलचक टेबल, शिशाच्या वजनाच्या पिशव्या, आणि तुझा हात पुरावा म्हणून सुताराने ठोकून दिलेला पाट. आठवड्यातून दोन दिवस मी तिथे पॅराशूटची घडी घालून दाखवते. लोक तोंडात बोटं घालतात. मी मनात म्हणते, अरे, तुम्ही आमच्या ठेंगूचे हात पाहिले नाहीत!

खरंच सांगते, तुझ्यासारखी घडी कुणालाच जमली नाही. आम्ही कापडाशी झटापट करायचो. तुझ्या हाताखाली ते आपणहून मिटायचं. दोऱ्या ओढून बघताना तू डोळे मिटायचीस. आपल्या वरच्या मोठ्या बाई ओरडायच्या, तर म्हणायचीस, ‘गाठ डोळ्यांना फसवते, बोटांना नाही.’

त्या दुपारी तुझी घडी पुरी झाली होती, पिन लावून झाली होती, राहिली होती फक्त कार्डावरची सही. तेवढ्यात शेजारीण धावत आली, तुझ्या धाकटीला तापात झटके येताहेत म्हणाली, आणि तू तशीच पळालीस. पाचच मिनिटांत मोठ्या बाई तपासणीला आल्या. बिनसहीचं पॅराशूट म्हणजे चौकशी, आणि न सांगता गेलीस म्हणून तुझी नोकरीही जाणार. मी कार्ड ओढलं आणि माझी सही ठोकून दिली. घडी तुझी आहे म्हटल्यावर मला धास्ती कसली?

नवव्या दिवशी त्या तरुण वैमानिकाच्या विमानाच्या इंजिनाने हवेत पेट घेतला. त्याने तेच पॅराशूट घेऊन उडी मारली आणि घोट्यावर निभावलं. कुबडी घेऊन, फुलं घेऊन तो आपल्या खोलीत आला आणि मला म्हणाला, ‘तुमचेच ना ते हात?’ मागून तू कोपराने ढोसलंस. मी हो म्हटलं. नंतर तू हसत म्हणालीस, ‘माणूस वाचला ना? मग झालं तर!’

तुझ्यासाठी ते तिथेच संपलं. माझ्यासाठी नाही. वर्षभराने मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा मला मिळाली. तू माझ्याआधी लागलेली, माझ्याहून सरस. पण माझ्या नावावर वाचवलेला एक जीव होता. तू मला मिठी मारलीस आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांदेखत मला ‘बाई’ म्हणायला लागलीस. टोमणा नाही, कुरकुर नाही. एवढं मोठं मन कुठून आणलंस गं? तेव्हा मी तोंड उघडू शकले असते. नाही उघडलं. बदली झालेल्या नवऱ्यामागे तू गाव सोडलंस, तेव्हा मला रडू आलं. आणि खरं सांगू, थोडं हायसंही वाटलं.

गेल्या रविवारी तो वैमानिक आला. तो कसला, ते! ब्याऐंशी वर्षांचे, हातात काठी, बरोबर विशीतली नात. मला ओळखलं त्यांनी. नातीचा हात माझ्या हातात दिला आणि तिला म्हणाले, ‘या होत्या म्हणून तू आहेस.’

ती पोर माझ्याकडे अशी बघत होती की मला राहवेना. मी म्हटलं, ‘त्या मी नव्हे.’ सगळं सांगितलं. तुझं नाव, तापलेली धाकटी, सही, मोठ्या बाईंची खुर्ची, काही ठेवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्या कुठे असतात?’

म्हणून हे पत्र. ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी परत येणार आहेत, फक्त तुला भेटायला. संग्रहालयाच्या प्रमुखांनाही मी खरं सांगितलंय; पॅराशूटजवळच्या पाटीवर तुझं नाव घालायचं ठरलंय, माहेरचं घालू की सासरचं तेवढं कळव. मला माफ कर असं म्हणायची हिंमत नाही. रागाव, चार शिव्या घाल, हवं तर माझ्याशी बोलू नकोस. पण ये.

तुझीच,
पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललेली बडबडी