चव घेणारीचा उपवास

ता. निलंगा, जि. लातूर
१२ जुलै २०२५

ती. दादांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही खुशाल आहोत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की आमच्या घरातलं सगळं मागच्या गल्लीला कळतं, म्हणून कागद घेऊन बसले. माय म्हणेल, आपल्या घरात पहिली बी.ए. झाली आणि पत्रं लिहिण्याचं खूळ घेऊन बसली. म्हणू दे.

आमची वर्षाराणी पहिलीत बसली. शाळा तिला आवडते. पण मागच्या आठवड्यात घरी येऊन तिने सांगितलं की आज खिचडीतलं जिरं चालत होतं. मी हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बघितलं, तर खरंच चालत होतं. दादा, तांदळात सोंडे होते. शिजलेले वर तरंगत होते आणि पोत्यातले पोत्याच्या तोंडावर फिरत होते. लेकरं बोटाने बाजूला काढून खात होती, इतकी त्यांना सवय झालेली.

मी फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव ‘आपली शाळा आपला अभिमान’. फोटोखाली पहिल्यांदा आला तो गुलाबाच्या फुलाचा सुप्रभात. मग कोणाच्या तरी वाढदिवसाचे केक. मग एका मुलाच्या आजोबांनी लिहिलं की आम्ही दुष्काळात लाल मिलो ज्वारी खाऊन मोठे झालो, आम्हाला काय झालं. शेवटी शिल्पाताईंनी, म्हणजे ग्रामपंचायत सदस्यांच्या मिसेस आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिन, हात जोडून विनंती केली की ग्रुपवर नकारात्मक काही टाकू नये.

पण मी सोडलं नाही. शाळेच्या समितीत मी आहेच. गुरुजींना म्हटलं, लेकरं जेवायच्या आधी एका आईने खिचडी चाखायची, हा नियम जुनाच आहे, तो आता पाळू. रोज एकीचा नंबर, आणि चाखून झालं की ग्रुपवर कळवायचं. सगळ्याजणी तयार झाल्या. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. मला खूप बरं वाटलं, दादा.

खिचडी करते ती गौरम्मा. कर्नाटकातून लग्न होऊन इकडे आली. वेशीबाहेरच्या वस्तीत राहते. प्रत्येक लेकराला उठताना विचारते, ऊटा आयता? म्हणजे जेवण झालं का. वर्षू घरी आता मलाही तेच विचारते.

मायला नमस्कार. तुमची गुडघ्याची गोळी चुकवू नका. तुमच्या मायेवर माझं सगळं चाललेलं असतं, ती कमी पडू देऊ नका.

तुमची लेक,
शिवकन्या


ता. मुखेड, जि. नांदेड
२० जुलै २०२५

चि. सौ. शिवकन्या हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारच्या शेषेरावानं वाचू का म्हणून इचारलं. मी म्हणलं, मला कान न्हाईत, डोळे हायेत. चौथी पास हाय मी. वाचलं.

जिरं चालत व्हतं हे तुझ्या मायला सांगितलं तर ती आधी हसली अन् मंग ताटावरूनच उठली. आता आमच्या घरी फोडणीत जिरं बंद हाय. हे तुझ्यामुळं.

तू चांगलं काम करून राहिलीस. पर एक सांगतो बाई. चाखायला हाव म्हणणं येगळं अन् घास तोंडात घालणं येगळं. गावातल्या माणसाचं तोंड लई कामाचं असतं, बोलायला. खायची येळ आली की ते बंद व्हतं. तू बघत जाय कोण खातंय अन् कोण नुसतं हाव म्हणतंय.

उद्या एकादशी हाय, पत्र पोचंस्तोवर ती व्हऊन जाईल. लखनरावाला सांग, बायकूला उपासाचं ताजं काही तरी आणून देत जा म्हणावं, नुस्त्या शेंगदाण्यावर ठिवू नको. तू लहान असल्यापासून माझ्यासंगं एकादशी धरत आलीस. आठ वर्साची असताना भुकेनं रडलीस पर भात खाल्ला न्हाईस. मी माळकरी असून मला बी तुझं नवल वाटलं व्हतं. गावाला अजून सांगत असतो.

वर्षूला ऊटा आयता इचारलं म्हणून सांग. माय म्हणती पापड पाठवते.

तुझा जीव आमच्यावर हाये तसाच राहो.

तुझा बाप,
ग्यानोबा


ता. निलंगा
१ ऑगस्ट २०२५

ती. दादांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं बोलणं खरं निघालं आणि मला त्याचा राग आला. तुमचा नाही. लोकांचा.

ग्रुपवर रोज एक फोटो येत होता. हातात चमचा, चमच्यात खिचडी, आणि खाली ‘चव उत्तम’. मी भोळी, रोज आनंदाने अंगठा देत होते. एके दिवशी सहज शाळेत डोकावले. सत्यशीलावहिनींचा नंबर होता. त्यांनी चमचा तोंडाजवळ धरला, फोटो काढला आणि चमचा खोलीमागे नेऊन कोंबड्यांपुढे झटकला. मी विचारलं तर म्हणाल्या, आज गुरुवार, माझा उपवास. दुसऱ्या दिवशी दुसरी आली, तिला संतोषीमातेचा शुक्रवार. मग शनिवार, मग प्रदोष. श्रावण लागल्यावर तर विचारूच नका. आमच्या गावात इतकं पुण्य साठलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

केवळाबाई म्हणून एक आजी आहेत, नातवाच्या वतीने त्यांचा नंबर असतो. त्यांनी सुचवलं की श्रावणात साबुदाण्याची खिचडी केली तर चाखता येईल. मला खरंच वाटलं. सोमवारी मी घरून साबुदाणा, दाणे, तूप नेलं आणि गौरम्माकडून एक पातेलंभर करून घेतली. काय सुंदर झाली होती! मी सगळ्याजणींना बोलावलं. दादा, त्या दिवशी सगळ्यांचा उपवास निर्जळी निघाला.

मग केवळाबाईंनीच, त्या खोटं बोलायला कंटाळल्या असाव्यात, मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. गौरम्माच्या हातचं आपल्याला चालत नाही. मी म्हटलं, मग लेकरं रोज खातात त्याचं काय? त्या म्हणाल्या, लेकरांना सगळं चालतं, लेकराला काय कळतं. म्हणजे लेकरांना सोंडेही चालतात आणि गौरम्माही चालते. दोन्ही एकाच वाक्यात. त्या आजींनी दिलेला चहा मी तसाच ठेवून आले.

आता पुढचं ऐका. परवा बुधवारी काही लेकरांना उलट्या झाल्या. वर्षूलाही. आता सगळी बरी आहेत, मायला घाबरवू नका. खिचडीला खवट वास होता असं लेकरं म्हणतात. त्या दिवशी चाखण्याचा नंबर शिल्पाताईंचा होता आणि त्यांनी सकाळीच ‘चव उत्तम’ लिहून दोन हात जोडले होते. कोणी एक घास खरंच खाल्ला असता तर लेकरांच्या ताटात ते पडलंच नसतं.

संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. जे सोंड्यांच्या फोटोला गुलाब देत होते त्यांनीच ओकारीचे फोटो फिरवले. तेलाबद्दल कोणी विचारलं नाही, कोठीचा पत्रा गळतो त्याबद्दल नाही. सगळ्यांचं एकच, गौरम्माला काढा. तिची नखं, तिची वस्ती, तिची भाषा, सगळ्यावर बोलून झालं. ती ग्रुपवर नाही, तिच्याकडे तसला फोनच नाही. तिच्या पाठीमागे गाव तिला चावत होतं आणि मध्येमध्ये श्रावणाच्या शुभेच्छा येत होत्या.

मी एकच ओळ लिहिली. आज ज्यांनी चाखली त्यांनी खरंच खाल्ली होती का? थोड्या वेळाने बघते तर मला ग्रुपमधून काढलेलं.

मंगळवारी बैठक आहे. केंद्रप्रमुख येणार आहेत. गौरम्माला काढायचं ठरवूनच सगळे येणार. तिचा नवरा आजारी, घर तिच्यावर चालतं. ती माझ्याकडे आली होती. रडली नाही, फक्त म्हणाली की ताई, मी तेच तेल घालते जे मला देतात.

त्या दिवशी चाखण्याचा नंबर माझा आहे. आणि दादा, त्या दिवशी एकादशी आहे. काय करू ते लिहायला तुम्हाला वेळ नाही, टपाल पोचणारही नाही. तरी विचारते आहे.

मायला आणि तुम्हाला नमस्कार. माझ्यावरची माया राहू द्या, या वेळी जरा जास्त लागेल.

तुमची,
शिवकन्या


ता. निलंगा
८ ऑगस्ट २०२५

ती. दादांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईने लिहिते. मी एकादशी मोडली.

मंगळवारी शाळेच्या पडवीत सगळे जमले. केंद्रप्रमुख खुर्चीवर, बायका एका अंगाला. मी माळकऱ्याची लेक, एकादशी कडक धरते हे इथे सगळ्यांना माहीत आहे. शिल्पाताई माझ्याकडे बघून गोड हसल्या. आज मीही त्यांच्यासारखी चमचा धरीन याची त्यांना खात्री होती. गौरम्मालाही होती. पातेल्याचं झाकण काढताना ती हळूच म्हणाली की ताई, आज तुमचा उपास, मी समजून घेते. ती समजून घेते म्हणाली ना, तेच मला सहन झालं नाही. तिने अशी किती जणींना समजून घेतलं असेल.

मी लेकरांच्या ओळीत बसले, ताट मागितलं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. चमचाभर नाही, ताटभर.

दादा, खिचडी वाईट होती. मी खोटं लिहिणार नाही. तेल इतकं खवट की घास घशात अडकत होता आणि तांदळाला गोणपाटाचा वास. खाऊन झाल्यावर मी उठून सांगितलं की चव वाईट आहे, लेकरांना हे वाढू नका. शाळेत ‘चव वाईट’ हे कोणी पहिल्यांदा म्हणालं असेल. गौरम्माची मान खाली गेली. मग मी म्हणाले की मागच्या आठवड्यात मी आणलेल्या साबुदाण्याला हिचाच हात लागला होता आणि तो मी चाटून खाल्ला, तेव्हा हात बघू नका, कोठी उघडा.

केंद्रप्रमुखांनी कोठी उघडायला लावली. तेलाचा डबा हुंगून त्यांनीच रुमाल नाकाला लावला. पोती ओल्या भिंतीला टेकलेली. मग ते बायकांकडे वळून म्हणाले की तक्रार स्वयंपाकाची आहे तर इतके दिवस चाखणाऱ्यांनी सांगावं, चव कधीपासून बिघडली? शिल्पाताई मोबाइल चाळू लागल्या. बिघडली म्हणावं तर रोज उत्तम का लिहिलं, आणि चाखलीच नाही म्हणावं तर तक्रार कसली? सत्यशीलावहिनी शेवटी पुटपुटल्या की आमचे उपवास होते. साहेब म्हणाले, मग जी जेवली तिचंच ऐकतो. गौरम्मा राहिली. तेल आणि तांदूळ बदलले. त्या दिवशी लेकरांना केळी दिली.

तुम्हाला वाटेल मी खूश असेन. नाही. माझ्या नवऱ्याने रात्री ग्रुप दाखवला. तेलाबद्दल एक शब्द नाही. माझा जेवतानाचा फोटो फिरतो आहे आणि खाली लिहिलंय, एकादशीला भात खाणारी समितीची शिकलेली बाई. ज्यांनी देवाचं नाव घेऊन कोंबड्यांना घास टाकला त्या मला धर्म शिकवत आहेत. मला यांची किळस येते दादा, त्या सोंड्यांपेक्षा जास्त. सोंडे निदान जे खातात ते खरंच खातात.

तो फोटो मुखेडला पोचायला वेळ लागणार नाही. तुम्ही गावाला माझी आठ वर्षांची गोष्ट सांगता. आता ती सांगता येणार नाही तुम्हाला, याचंच मला वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.

रागावलात तरी पत्र पाठवा. माया मागायला आज तोंड नाही, तरी मागते.

तुमची,
शिवकन्या


ता. मुखेड
२१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. शिवकन्या हिस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राच्या आधी तुझा फोटो आला. शेषेरावानं मारुतीच्या पारावर समद्यांम्होरं मोबाइल माझ्या नाकाशी धरला. खाली काय लिवलंय ते मोठ्यानं वाचू लागला. मला ऐकू येत न्हाई हे बरं असतं कधी कधी. मी नुसता फोटो बघितला. तू मान खाली घालून जेवून राहिलीस. वर्षू जशी जेवती तशी, बोटं चाटून. अन् मागं ती बाई उभी, पदर तोंडात धरलेला.

लोक माझ्याकडं बघत व्हते, माळकरी बुवा आता काय म्हणतो. मी शेषेरावाला इचारलं, ताटात काही उरवलं का तिनं? त्यानं फोटो मोठा करून बघितला. म्हणला, न्हाई. मी म्हणलं, मंग ठीक हाय.

तू एकादशी मोडलीस हे मला आवडलं न्हाई. खोटं कामून लिहू? दोन दिवस मी मायसंगं बी धड बोललो न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनंच मला सुनावलं. म्हणली, पोरगी कोणाच्या ताटाला न्हाई म्हणली न्हाई, अन् तुम्ही तोंड फुगवून बसलाव. तवा मी बसून इचार केला. एकादशी तर व्हायला पायजे. कोणाची तरी.

परवाची एकादशी माझी व्हती, ती मी नेहमीसारखी धरली. कालच्या बारशीला उपास सोडायचा असतो. माय वरण-भात करून वाट बघत बसली. मी म्हणलं, आजचा दिस शिवकन्येचा, तिच्या वाटचा उपास हाय. जेवलो न्हाई. माय लई बोलली. म्हातारं भुकेनं मरंल म्हणली, भात कोणाला घालू म्हणली. पर सांजेला बघतो तर ती बी जेवली नव्हती. म्हणजे तुझी एकादशी दोघांनी धरली.

आठ वर्साची गोष्ट मी सांगणं बंद केलेली न्हाई. तिला आता म्होरला भाग जोडलाय. काल पारावर सांगितली. दोघं उठून गेले. बाकीचे बसले व्हते.

पुन्हा चाखायचा नंबर एकादशीला आला तर आधी कळव. मायला बारशीचा सैपाक कमी करायला सांगतो.

गौरम्माला आमचा रामराम. वर्षूला सांग, आज्याचं ऊटा आज झालं. आमची माया तू मागत जाऊ नको, ती तुझ्याकडंच ठिवलेली हाय.

तुझा,
आज पोटभर जेवलेला बाप,
ग्यानोबा