यादीतला चेहरा

मंगळवार, १४ ऑक्टोबर. शारजा

रियाला नवे गणिताचे सर मिळाले, शेजारच्या बिल्डिंगमधले. आधी अमेरिकेत, ताईच्याच गावात होते, म्हणून मी तिला सहज त्यांचा फोटो पाठवला. दुपारी तिचं उत्तर आलं. मुलांशी लैंगिक गैरवर्तन केल्याची शिक्षा झाली, की तिच्या राज्याच्या कायद्याने नाव आणि फोटो सरकारी यादीत नोंदवावा लागतो. त्या यादीत हाच चेहरा. नाव थोडं वेगळं, पण डावी भुवई तशीच, मधोमध तुटलेली.

तशीच ना? की मी उगाच कुणावर आळ घेतेय? पण ती भुवई...

रियाला जवळ घेऊन विचारलं, "सर काय बोलतात गं?"

"नथिंग, ममा. ही जस्ट आस्क्स, व्हिच डेज यू आर लेट फ्रॉम ऑफिस."

मी लगेच दोन्ही फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकायला घेतले.

"ग्रुपवर टाकू नकोस, इथे बदनामीचा गुन्हा लागतो, आपणच अडकू," नवरा म्हणाला. तिघं पोलिसांत गेलो, दोन्ही फोटो दाखवले. अधिकाऱ्याने स्वतःचा फोन नंबर दिला. "कल बुलाएँगे उसको. क्लास खलास, मॅडम."

परतलो तर आमच्या लिफ्टमध्ये सर. हसले. "रिया, आज आली नाहीस?" आणि त्यांनीच आमच्या मजल्याचं बटण दाबलं. मजला मी कधी सांगितला होता?

वर पोचताच नवऱ्याने अधिकाऱ्याला फोन लावला. सर जिन्याकडे वळले. दार लावल्यावरही त्यांची पावलं ऐकू येत होती. सावकाश, एकेक पायरी.