गादी निघाली समुद्राला

ती. वन्संच्या सेवेशी धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, एक ह्यांचा पाय सोडून. तो प्लास्टरमध्ये आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? जिना चढू नका, आणि चढलातच तर घाईने उतरू नका, असं ह्यांनी लिहायला सांगितलंय. (स्वतः मात्र गाद्यांच्या थप्पीवर चढून उशी काढायला गेले आणि अख्ख्या दुकानात जिथे गादी नव्हती नेमके तिथेच पडले.)

आता मुख्य बातमी. तुमचे दोन्ही भाऊ बोलायला लागले! हो, एकमेकांशी! तुम्ही खुर्चीत बसून वाचत असाल अशी आशा करते. राजेलोक गादीवरून भांडायचे ते एक वेळ समजून घेता येतं, पण आपल्याकडे कापसाच्या गादीवरून भावाभावांत अबोला. राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला, सामाईक दुकान त्याच्याखाली गेलं, आणि नवं दुकान कुठल्या बाजूला काढायचं यावरून ठिणगी पडली. ह्यांचं म्हणणं, समुद्राकडे निघालेला माणूस खुशीत असतो, तो गादी घेणारच. दादांचं म्हणणं, समुद्राकडून आतल्या शहरांकडे परतणाऱ्याची पाठ धरलेली असते, तो घेणारच. शेवटी हे ह्या बाजूला, दादा त्या बाजूला आणि मधे कमरेइतका दुभाजक. जाऊबाई आणि मी त्यावरून हात हलवत राहिलो, भाऊ मात्र एकमेकांच्या पाट्यांकडे पाठ करून बसले.

तर परवा समोरच्या दातांच्या डॉक्टरांची गादी पोचवायची होती. त्यांचं घर दादांच्या दुकानाला खेटून, म्हणजे आमच्या दारातून दिसतं. पण दुभाजक पडल्यामुळे गाडीने पुढच्या उड्डाणपुलापर्यंत जायचं, खालून वळायचं आणि उलट यायचं. गाडी मी चालवणार होते. (लायसन्स नवंकोरं आहे, अजून त्याच्यावरचा माझा फोटोसुद्धा मला ओळखत नाही.) गादी टपावर बांधली, मागच्या सीटवर पाय लांब करून हे आडवे, आणि त्यांच्यावर डॉक्टरांच्या उशा. घरी थांबा म्हटलं तर म्हणाले, गादीची काळजी वाटते. माझी वाटत नाही.

निघाले तर आमच्याच बाजूच्या बसथांब्यावर साक्षात दादा. चष्म्याचा नंबर तपासायला निघालेले, बसचा पत्ता नाही. मी काच खाली केली आणि म्हटलं, "दादा, बसा, पुलापर्यंत सोडते." ते पुढे बसले. मागे नुसत्या उशा आहेत असं त्यांना वाटलं, आणि मीही तसं वाटू दिलं. गाडीने वेग घेतला आणि उशा शिंकल्या.

पुढचं संभाषण सगळं माझ्यामार्फत. "त्याला सांग, मला इथेच उतरायचंय." "दादाला सांग, महामार्गावर उतरता येत नाही." पूल आला तसे हे ओरडले, डावीकडे घे, दादा ओरडले, उजवीकडे घे, दोघांचा मान राखून मी सरळ पुलावर गेले. त्यानंतर, वन्सं, वळायला जागाच नाही! दुभाजक संपेना, त्यातली फुलझाडं तेवढी बदलत होती.

तेवढ्यात वारा गादीच्या खाली शिरला आणि गादी उडायला बघू लागली. मी किंचाळले. दादांनी एका खिडकीतून दोरी धरली, ह्यांनी दुसरीतून. "दादा, ओढ!" "अरे, तू सैल सोड आधी!" मला वाटलं, झालं, बोलले! त्या आनंदात मी ब्रेक जरा जोरातच दाबला आणि गादी पुढे रस्त्यावर जाऊन पसरली.

मागे ट्रक थांबले, भोंग्यांचा गोंधळ, आणि वाहतूक पोलीस आला. ही गादी कुणाची, असं त्याने विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तो बिचारा सकाळपासून उन्हात उभा असावा. गादी किती जड आहे ते बघायला वाकला, हळूच टेकला आणि उठेचना.

"मऊ आहे हो," म्हणाला.

झालं! दादा म्हणाले, "नुसती मऊ नाही साहेब, पाठ टेकून बघा." लंगडत आलेले हे म्हणाले, "आणि कूस बदलून बघा. बाजूच्याची झोप मोडणार नाही." एकाने वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्याने संपवायचं, अगदी जुन्या दुकानातल्यासारखं. पोलिसाने दोन गाद्या सांगितल्या, एका ट्रकवाल्याने केबिनच्या मापाची एक, आणि त्यानेच आमची गादी टपावर अशी आवळून दिली की सोडायला कात्री लागली.

वळण थेट समुद्रापाशी सापडलं. गादी मळलीच होती, डॉक्टरांना दुसरी देऊ म्हणून तीच वाळूत अंथरली. ह्यांचा प्लास्टरचा पाय दादांच्या मांडीवर. दादा म्हणाले, "तुझंच खरं होतं रे. इकडे येताना माणूस खुशीत असतो." हे म्हणाले, "छे, परतताना पाठ धरतेच." पुन्हा भांडण, पण उलट्या बाजूने! मी लाटांकडे बघत राहिले, कारण डोळे पुसायला पदर मोकळा नव्हता. त्यात सगळ्यांचे शेंगदाणे होते.

आता दोघांनी ठरवलंय, दुकान पुन्हा एक करायचं. घरात आनंदीआनंद आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांचे पापे.

तुमची,
धाकटी

ता. क. दुकान एक होणार ते तुमच्या घराच्या रस्त्याकडेच्या पुढच्या खोलीत. दोघे रविवारी विचारायला येताहेत. वन्सं, कृपा करून नाही म्हणा. भाऊ वेगळे झाले म्हणून तर जाऊबाई त्या दुकानाच्या मालकीण झाल्या आणि मी ह्या दुकानाची. एकत्र झाले की गल्ल्यावर ते दोघे बसणार आणि आम्ही दोघी आत चहा टाकणार. प्रेम एकत्र राहू दे, दुकानं वेगळी. जाऊबाईंचंही हेच म्हणणं आहे, पण त्यांना लिहायला संकोच वाटतो.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला ह्यांच्याच हाती देते आहे. पाकीट उघडलेलं दिसलं, तर पहिला ता. क. मी थट्टेने लिहिला होता असं रविवारी सर्वांसमक्ष मोठ्याने म्हणा. आणि मग नाही म्हणा.