तिसाव्या स्थानाची संख्या

३ तारीख, सोमवार
आज सकाळी सातलाच हिला घेऊन आलो. फुप्फुसाच्या रुग्णांचं हे आरोग्यधाम. मला नोंदणी कारकुनाची नोकरी, हिला फुकट खाट आणि प्राणवायूची नळी. पन्नाशीला टेकल्यावर देवानं दार उघडलं म्हणायचं.

इथं प्रत्येक रुग्णाचा क्रमांक मूळ संख्या असतो, म्हणजे एक आणि स्वतःशिवाय कशानंही भाग न जाणारी. आधीच्या कारकुनाची हौस, असं सिस्टर म्हणाल्या. संगणकावरच्या तक्त्यात स्थान टाकलं की सूत्र संख्या काढून देतं. तपासायला तिसावं स्थान टाकून बघितलं, ११३. ही तेहतिसावी, म्हणून १३७. तेवढाच आकडा मनगटाच्या पट्टीवर. पट्टी बघून ही म्हणाली, "म्हणजे आता मी कुणाच्याच हिशेबात बसायची नाही. तुमच्याही."

४, मंगळवार
देवाचं नाव घेऊन तक्ता उघडला. तिसाव्या स्थानाला १२७! गावच्या शाळेत मास्तरांनी घोटून घेतलेला भागाकार कागदावर मांडला. ११३ ला दोन, तीन, पाच, सात, कशानंच भाग जात नाही. मग ती यादीतून गेली कशी?

११३ म्हणजे काल माझ्याशी तासभर बोललेले सुतारबाबा. त्यांची खाट रिकामी. सिस्टर म्हणाल्या, त्या खाटेवर महिनाभर कुणी नव्हतंच.

५, बुधवार
तिसाव्याला १३१. १२७ च्या शिक्षिकाबाई नाहीत. त्यांचा मुलगा रोजच्यासारखा आला, दारात थांबला. आपण इथं कशाला आलो ते त्याला आठवेना. तसाच परत गेला. डॉक्टर मला म्हणाले, जागा नवीन आहे, रुळाल हळूहळू.

६
सूत्र पुसून नव्यानं लिहिलं. तेच. १३१ ची खाट रिकामी. तिसाव्याला आता १३७ —

उद्या ही.

नळी काढून हिला बाहेर न्यायला निघालो. फाटकापाशीच ओठ निळे पडले. परत आणलं.

दुपारी
हिला १३८ ची पट्टी बांधली. दोननं भाग जातो, तीननं जातो. ती या यादीत येणारच नाही. १३७ माझ्या मनगटावर. "माझी पट्टी तुम्हाला कशाला?" असं तिनं विचारलं. तपासायची आहे म्हणालो. आयुष्यात तिच्याशी पहिल्यांदा खोटं —

७
तिसाव्याला १३९.

ही आहे. श्वास नीट चालू आहे. देवा —

खाटेशी बसलो. तिनं सिस्टरना विचारलं, "हे गृहस्थ कोण?" सिस्टरनी पाहिलं. माझ्याकडे नाही — खुर्चीकडे.

पट्टी अजून काढता येईल. पण मग तिचं —

नाही. दोरा गुंडाळून गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली. निदान इथं नाव लिहून ठेवावं. मी —