मोठीची डावी सीट

१२ ऑगस्ट ९८
मोठीने आज घाम काढला. बॅटरी उतरलेली, हँडल मारून मारून खांदा कामातून गेला. अडतीस सालची बाई, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण नखरे बघावेत. शेवटी लागली. आठही सिलिंडर एका सुरात. असा आवाज ऐकला की सातपूरच्या कारखान्यातली सगळी वर्षं माफ.
मालतीला डावीकडे बसवलं, धरणापर्यंत चक्कर. घरात सकाळपासून मला ‘मास्तर’ म्हणत होती. कोण मास्तर, देव जाणे. गाडीत बसली, सीटला डोकं टेकलं. सोमेश्वरपाशी म्हणाली, "अहो, काच वर घ्या, केस उडतायत."
काच वर घेतली. पुढचा रस्ता नीट दिसेना.

२० ऑगस्ट
डॉ. म्हणाले, होतं असं, जुन्या सवयीच्या जागी माणूस थोडा वेळ परत येतो. गोळ्या त्याच. मी म्हटलं, म्हणजे औषध माझ्या शेडमध्येच आहे. ते हसले. मी विनोद केला नव्हता.
घरात मी मास्तर, कधी तिचा थोरला भाऊ, कधी कोणीच नाही. मोठीत मी मी असतो. रोज संध्याकाळी शेडमध्येच दोघं बसतो, इंजिन बंद. ती सांगते, मी ऐकतो. आज सुरगाण्याकडची गोष्ट काढली. लग्नानंतर आम्ही मोठीला आणायला गेलो होतो. एका संस्थानिकाच्या तबेल्यात उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. "तुम्ही इंजिन बघत बसलात, कोंबड्या मी हाकलल्या," म्हणाली. खरं आहे.

२ सप्टेंबर
मुंबईहून एक गृहस्थ आले, जुन्या गाड्या जमवणारे. विकायची नाही हे फोनवर सांगितलं होतं, तरी आले. बॉनेट उघडल्यावर खूश. दार उघडलं आणि चेहरा पडला. सीट उसवलेली, आतले घोड्याचे केस बाहेर आलेले, डावीकडे मालतीच्या डोक्याचा माक्याच्या तेलाचा काळाकुट्ट डाग. हसून म्हणाले, "काका, हे तर वरून कीर्तन आतून तमाशा."
चहा दिला, वाटेला लावलं. पण लागलं ते लागलंच. एवढी वर्षं तांब्याच्या पत्र्यातून गॅस्केटं कापली, वॉटरपंप घरी ओतून घेतला, आणि आतल्या अंगाला मात्र कधी हात लावला नाही.

१४ सप्टेंबर
मालतीच्या पायाला सीटची स्प्रिंग लागली. रक्त. पातळही फाटलं. चंद्राबाई (दिवसभर मालतीला तीच सांभाळते) माझ्यावरच उखडली. "साहेब, गाडीला गादी करा, नायतर बाईंना बसवू नका त्यात. लोखंड हाय ते, टोचणारच." बरोबर बोलली. ठरलं. दसऱ्याच्या आत.

१८ सप्टेंबर
रशीदभाई आले. जुन्या नाशकात सीटकव्हरचं दुकान, हात सोन्याचा. सीट दाबून बघितली, वास घेतला. "साहेब, असं चामडं आता भेटत नाय. ठिगळ मारून चालवू का? डाग नाय जाणार पण."
मी म्हटलं, ठिगळं नकोत. स्प्रिंगा, गादी, चामडं, दाराला हात टेकायच्या हातगाद्या, सगळं नवं करा. मोठी नवरी दिसली पाहिजे.
"सगळं?" त्यांनी दोनदा विचारलं.

२४ सप्टेंबर
सीटशिवाय मोठी म्हणजे दात काढलेलं तोंड. संध्याकाळी मालती सवयीने शेडपाशी आली, आत बघितलं, परत फिरली. आठवडाभर मी ‘मास्तर’च. असू दे. दसऱ्याला बघ म्हणावं.

१ ऑक्टोबर, दसरा
लिहवत नाही, पण लिहितो.
सीट अप्रतिम. डाळिंबी रंग, शिलाई एका रेषेत. मखमलाबादच्या फुलवालीकडून झेंडू आणला, हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मालती अंजिरी पैठणी नेसून आली. मी दार उघडून धरलं.
तिने आत वाकून वास घेतला. नवं चामडं, चिकटवायचं सोल्युशन. मागे सरली.
"ही कोणाची टॅक्सी?"
"अगं, आपली मोठी."
"छे. मोठी आमचे हे घेऊन येतील. मी थांबते."
जाऊन फाटकापाशी पायरीवर बसली, पैठणी नेसून. मी एकट्यानेच गाडी लिंबांवरून पुढे घेतली. चंद्राबाईने नारळ फोडला.

५ ऑक्टोबर
चंद्राबाईने कसंबसं बसवलं. दाराला चिकटून बसली, पिशवी छातीशी धरून. डोकं टेकलं नाही. मी सुरगाण्याच्या कोंबड्या काढल्या. ऐकून घेतलं, परक्याचं ऐकतात तसं. सोमेश्वरला म्हणाली, "भाऊ, इथेच सोडा. पुढे मी जाईन."
करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

९ ऑक्टोबर
नीलाचा पुण्याहून फोन. "बाबा, सीट बदलली म्हणून कोणी नवऱ्याला विसरतं का? आजार वाढतोय. डॉक्टर सांगतायत ना?" सांगतायत. दोघंही शहाणी. पण त्या सीटवर ती मला ओळखत होती आणि ह्या सीटवर ओळखत नाही, एवढं मला कळतं. गॅस्केट गेलं की गेलं. कशाने गेलं हे इंजिनवाल्याला विचारावं.

१३ ऑक्टोबर
जुन्या नाशकात गेलो. रशीदभाई, जुनं चामडं? बिचारे ओशाळले. चांगले तुकडे चपलावाल्याने नेले. केस, काथ्या पावसात भिजले, घंटागाडीत गेले. "साहेब, तुमीच बोलला ना, सगळं नवं." मीच बोललो.
घरी येऊन माक्याचं तेल घेतलं, डावीकडे जिथे डोकं टेकतं तिथे चोळलं. नव्या चामड्यात मुरेना. ओघळ खाली सीटवर. पुसत बसलो. ह्या वयात असली कामं.

२३ ऑक्टोबर
दिवाळी झाली एकदाची. पाडव्याला नीलाने ओवाळायचं ताट तिच्या हातात दिलं, मला पाटावर बसवलं. मालतीने माझ्याकडे बघितलं, ताट हळूच खाली ठेवलं. "हे आले की ओवाळीन."
नीला स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी पाटावरच बसून राहिलो. उठायचं कधी, कळेना.
आता रोज दुपारचा चहा झाला की मालती फाटकापाशी. मोठीची वाट बघते. मोठी मागे शेडमध्ये उभी.

२ नोव्हेंबर
रशीदभाई स्वतः आले, सायकलवरून. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डाव्या दाराची जुनी हातगादी. नवी करायला माप म्हणून ठेवली होती, फळीवर मागे पडली होती. "एवढीच उरली साहेब. भाभींना द्या."
दिली. मालतीने आधी नाकाशी नेली, मग मांडीवर घेतली. अंगठ्याने त्यातली जुनी भेग चाचपली. जेवतानाही सोडली नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो. बरं वाटलं, लिहायला काय हरकत आहे.

६ नोव्हेंबर
हातगादी दाराला परत लावून बघायची होती. देईना. "ह्यांच्या गाडीची आहे, हात लावू नका."

९ नोव्हेंबर
आज मीही फाटकाच्या पायरीवर जाऊन बसलो, थोडं अंतर ठेवून. तिने निरखून बघितलं.
"तुम्ही पण गाडीची वाट बघताय?"
हो म्हटलं.
"बसा मग. आमचे हे येतील आता. मोठी गाडी आहे, तुम्हालाही सोडतील. कुठे जायचंय?"
"सोमेश्वरला."
"वाटेवरच आहे," म्हणाली आणि पदराने पायरी पुसून मला जागा करून दिली. अंधार पडेपर्यंत बसलो. तिने तिच्या ह्यांच्याबद्दल बरंच सांगितलं. चिडके आहेत म्हणाली, इंजिनापुढे काही सुचत नाही, पण कधी वाट बघायला लावत नाहीत.

१० नोव्हेंबर
आजही बसलो. मला ओळखलं, म्हणजे कालचा माणूस म्हणून. "या, आज नक्की येतील." चंद्राबाईने दोघांना चहा आणून दिला आणि पटकन आत गेली.
मग सुचलं. मोठी शेडमधून येते, म्हणून ती टॅक्सी. ह्यांची मोठी रस्त्याने यायची, संध्याकाळी, कारखाना सुटल्यावर. उद्या मागच्या गल्लीतून बाहेर काढायची, वळसा घालून पुढून यायचं. जुनी खाकी टोपी ट्रंकेत आहे. हॉर्न दोनदा, पूर्वीसारखा.

११ नोव्हेंबर
केलं.
कोपऱ्यावरून हॉर्न दोनदा. मालती उठली. पदर सारखा केला, हातगादी काखेत. मोठी फाटकाशी थांबवली, आतूनच दार उघडलं. वाकली. माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं.
"किती उशीर, अहो."
अहो म्हणाली. माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात.
"बस," म्हटलं.
एक पाय फूटबोर्डवर ठेवला आणि थांबली. पायरीकडे वळून बघितलं. रिकामी पायरी.
"जरा थांबा हं. इथे एक जण असतात रोज, एकटेच. सोमेश्वरला सोडायचं कबूल केलंय मी त्यांना. येतीलच."
म्हटलं, नसतील येत आज. तू बस.
"असं कसं? बिचारे रोज वाट बघतात." पाय खाली घेतला. दार अर्धं उघडं, ती फाटकापाशी उभी, रस्त्याकडे डोळे. मध्येच माझ्याकडे बघून हसायची. ओळखीचं.
इंजिन बंद केलं नाही. बंद केलं तर परत लागेल याची खात्री नाही. पेट्रोल संपत आलं तेव्हा चंद्राबाईने समजूत घालून तिला आत नेलं.
"उद्या तरी त्यांना वेळेवर यायला सांगा," जाताना मालती मला म्हणाली.
सांगतो म्हटलं.