ट्रॅक्टर चालू करू नका!

बाबा,

ट्रॅक्टर अजिबात चालू करू नका! पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये ऑइलचा थेंब नाही, आतल्या गिअरची वाट लागेल. तुम्ही झोपला होतात, म्हटलं ऑइल बदलून तुम्हाला चाटच पाडावं. खालचं बूच मी एकटीने सोडलं हं! सगळं काळंकुट्ट ऑइल घमेल्यात काढलं आणि नवीन भरायला गेले, तर वरचं बूच हलायलाच तयार नाही. आधी वरचं सुटतंय का बघ आणि मगच खालचं सोड, असं तुम्ही शंभरदा सांगितलंय. हसा आता पोटभर.

पण जोर लावायला जाऊ नका. खांद्याचे टाके अजून ओले आहेत. मोठा पाना शोधूही नका, तो माझ्या दप्तरात आहे. हो, शाळेत नेतेय!

आल्यावर शेडमध्ये तुमच्यासाठी खुर्ची टाकते. तुम्ही बसून ओरडायचं, मी पाना फिरवायचा. काल आईला म्हणालात ना, "आता माझा काय उपयोग?" मी ऐकलं. ते बूच कसं सोडवायचं, ते या घरात तुमच्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

तुमची तेलकट लेक