शेठजींचा स्पंज

तुळजापूर,
घटस्थापनेचा आदला दिवस

प्रिय मैथिली,

तुझ्या आईच्या पायाचं प्लास्टर निघालं हे शौनककडून कळलं, बरं वाटलं. उद्या माझा लेक तुझ्या माहेरी, येरमाळ्याला येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देते. आधीच सांगते, घाबरायचं नाही. तुझे पाचही मासे जिवंत आहेत. तुझे बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणलेला तो थोराड केशरी, ज्याला तेच ‘शेठजी’ म्हणायचे, तोही. आज सकाळी त्यानं दाणे खाल्ले आणि मी देवापुढं साखर ठेवली.

झालं असं, तू माहेरी गेलीस आणि मी दरवर्षीसारखा नवरात्राआधी दसरा काढायला घेतला. तुला माझं माहीतच आहे. गोधड्या, पडदे, डबे, काही म्हणून सोडत नाही. घर लख्ख झालं आणि नजर गेली तुझ्या टाकीच्या फिल्टरवर. उघडून बघते तर आतला स्पंज काळाकुट्ट, बुळबुळीत! अगं बाई, म्हटलं, ही घाण माझ्या हॉलमध्ये? साबणाच्या पावडरीत भिजवला, ब्रशनं घासला, नळाखाली खळखळून धुतला आणि दिवसभर गच्चीवर उन्हात घातला. वर स्वतःवरच खूश!

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले, शेठजी तर कोपऱ्यात आडवे. त्याच दिवशी तू फोनवर विचारलंस आणि मी म्हणाले, मजेत आहेत. खोटं बोलले गं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं धाराशिव गाठलं, तू दाणे आणतेस त्या ईरण्णाच्या दुकानात. मला वाटलं, काहीतरी औषध देईल. त्यानं सगळं ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाला, काकू, ती घाण न्हाय, त्यात बारीक जीव असतात, माशांच्या घाणीचं विष तेच खातात. साबणानं, नळाच्या क्लोरीननं, उन्हानं तुम्ही सगळे मारून टाकले. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात स्पंज हलका पिळायचा, बास. त्यानं स्वतःच्या टाकीतला मळका स्पंज अर्धा कापून पाण्यासकट पिशवीत दिला आणि सुकू देऊ नका म्हणून बजावलं. सीट पुसल्याशिवाय न बसणारी मी, ती गळकी पिशवी मांडीवर घेऊन तुळजापूरपर्यंत आले! लुगडं भिजलं, लोक बघत होते. बघेनात का! घरी येताच तो फिल्टरमध्ये बसवला. मग रोज थोडं पाणी बदलायचं, तेही ईरण्णानं दिलेले क्लोरीन मारायचे थेंब घालून, आणि दाणे बंद. परवा कुठं पाणी निवळलं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू ‘असू द्या, आई’ म्हणून विषय मिटवला असतास. तू निघताना मी म्हणाले होते, दसऱ्याच्या आत हे लचांड हॉलमधून हलव. तेव्हाही तू तेच म्हणालीस, आणि तुझ्या चुलतभावाला, श्रीमंतला, टाकी न्यायला सांगून टाकलंस. तुझ्या बाबांच्या आठवणीला मी लचांड म्हणाले. चुकलं माझं. श्रीमंतला सांग, दसऱ्याला जेवायला जरूर ये, पण टाकी मिळायची नाही. ती आहे तिथंच राहील. स्पंज मी टाकीतल्याच पाण्यात हलका पिळला आहे, तू येऊन एकदा बघून घे.

तुझीच, तुझ्या धाकात असलेली,
आई